फ्लोरा फाउंटनला ज्याचं नाव लागणार होतं तो गव्हर्नर, आणि हिवाळ्यात 'मरणारं' त्याचं रोप

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनसमोर उभं राहून फोटो काढला नाही असा माणूस विरळाच. पण या कारंज्याचं नाव आधी फ्लोरा ठरलेलंच नव्हतं. १८६० च्या दशकात ते उभं राहत होतं तेव्हा त्याला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं, म्हणजे सर बार्टल फ्रियरचं नाव द्यायचं घाटत होतं. मग बेत बदलला आणि कारंज्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या रोमन देवीचं नाव त्याला मिळालं. फ्लोरा, म्हणजे फुलांची देवी.

गंमत बघा. फुलांच्या देवीने साहेबाचं कारंजं पळवलं आणि त्याच सुमारास इकडे जुन्नरकडच्या डोंगरात एका फुलझाडाने साहेबाचं नाव घेतलं. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. आपल्याकडे त्याला म्हणतात शिंदळ माकडी.

हे रोप जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्यांवर निसर्गतः उगवतं. आणि हल्ली ते कुंडीतही असतं. तिथेच घोळ होतो. नाशिकला थंडी पडली की त्याची पानं पिवळी पडतात, गळतात, नुसत्या काड्या उरतात. घरच्यांना वाटतं, थंडीने रोप गेलं. मग कुणीतरी मायेने त्याला भरपूर पाणी घालतं आणि तेव्हा ते खरोखर जातं.

तर आज या रोपाची आणि ज्याचं नाव त्याला लागलं त्या माणसाची गोष्ट.

होडीतून आलेला साहेब

बार्टल फ्रियरचा जन्म २९ मार्च १८१५ चा, वेल्समधला. कंपनी सरकारच्या नोकरीत जायचं तर हेलीबरीच्या कॉलेजात शिकावं लागे, तिथे तो शिकला. १८३४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याला मुंबईला पाठवलं. त्या काळी साहेब लोक आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने महिनोन् महिने प्रवास करत यायचे. या पठ्ठ्याने इजिप्तमार्गे यायचं ठरवलं. तांबडा समुद्र उघड्या होडीतून पार केला, मोखा बंदर गाठलं आणि यात्रेकरूंनी भरलेल्या अरबी गलबतातून तो मुंबईत उतरला. या वाटेने कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे मी तोच नवा अधिकारी आहे हे पटवून देताना त्याला नाकी नऊ आले म्हणतात.

१८३५ मध्ये त्याची नेमणूक पुण्याला झाली, असिस्टंट कलेक्टर म्हणून. दख्खनमध्ये तेव्हा शेतसाऱ्याने लोक पिचले होते. आधीच्या साहेबांनी जमिनीचा कस न बघता सारा लावला होता आणि तो वसूल करताना रयतेचा छळ होत होता. फ्रियर या चौकशीच्या कामात तंबू टाकत गावोगाव फिरला. मराठी मुलूख त्याला कळला तो इथे.

पुढे तो गव्हर्नर सर जॉर्ज आर्थरचा खासगी सचिव झाला आणि १८४४ मध्ये त्याच्याच मुलीशी, कॅथरीनशी लग्न करून जावईही झाला.

मग आलं सातारा. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या दरबारी फ्रियर रेसिडेंट होता. १८४८ मध्ये महाराज गेले. त्यांनी दत्तक घेतला होता, पण कंपनीला राज्य खालसा करायचं होतं. फ्रियरने वरिष्ठांना उलटं मत दिलं: दत्तक मान्य करा. त्याचं कुणी ऐकलं नाही, सातारा खालसा झालं. आणि ज्याने विरोध केला त्याच फ्रियरकडे साताऱ्याचा कारभार दिला. त्याने राजीनामा वगैरे दिला नाही, निमूट कारभार केला. त्याच्या सगळ्या आयुष्यातच हा दुहेरीपणा दिसतो.

साताऱ्याबद्दल अजून एक गोष्ट. शहराजवळच्या सज्जनगडावर आज शिंदळ माकडी सापडते. म्हणजे आपलं नाव पुढे ज्याला लागणार ते रोप आपल्या कचेरीपासून थोड्या मैलांवर आहे, हे फ्रियरला किंवा इतर कुणालाही तेव्हा माहीत नव्हतं.

तट पाडणारा गव्हर्नर

साताऱ्यानंतर तो सिंधला गेला. तिथे १८५२ मध्ये त्याच्या कारकिर्दीत सिंध डाकची तिकिटं निघाली, आशियातली पहिली चिकटवायची टपाल तिकिटं. कराचीत त्याच्या नावाचा फ्रियर हॉल आजही दिमाखात उभा आहे. १८५७ च्या उठावात आपल्याकडची फौज पंजाबकडे पाठवल्याबद्दल त्याची वाहवा झाली, 'सर' मिळालं आणि १८६२ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर होऊन परतला.

वेळ जबरदस्त होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईत पैशाचा पूर आला होता. फ्रियरने किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि कोंदटलेलं शहर मोकळं केलं. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्या भागाला 'फोर्ट' दिसत नाही, तो याच कारणाने. पाडलेल्या चर्चगेटच्या जागी ते कारंजं आलं.

नाशिककरांसाठीही ही वर्षं महत्त्वाची. १८६४ मध्ये नाशिकची नगरपालिका स्थापन झाली. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे इगतपुरीला चढली.

सगळंच गोड नव्हतं. युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरचा फुगा फुटला आणि त्यात बँक ऑफ बॉम्बे बुडाली. गव्हर्नरने वेळेत लगाम का घातला नाही, हा ठपका फ्रियरवर बसला तो कायमचा.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात तो दख्खनच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा सोबत मुलगी मेरी होती. तंबूत वेळ जात नाही म्हणून तिने आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून गोष्टी ऐकल्या, लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक आलं. इंग्रजीत आलेल्या भारतीय लोककथांच्या अगदी सुरुवातीच्या संग्रहांपैकी हा एक. बापाच्या कारभारापेक्षा पोरीचं हे काम मला जास्त टिकाऊ वाटतं.

कस्टमवाल्याला सापडलेलं रोप

आता रोपाकडे. निकोलस डॅलझेल नावाचा एक स्कॉटिश माणूस मुंबईत कस्टम खात्यात नोकरीला आला होता. वेड मात्र झाडांचं. पुढे तो जंगल खात्याचा प्रमुख झाला. १८६१ मध्ये त्याने अलेक्झांडर गिब्सनसोबत 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. याच गिब्सनची जुन्नरजवळ हिवऱ्याला सरकारी बाग होती आणि त्या परिसरात डॅलझेलला हे रोप मिळालं.

रोप विचित्र होतं. बोटाएवढ्या जाड, हिरव्या, मांसल काड्या. पावसाळ्यात त्यांना चांगली रुंद पानं. फुलं चांदणीसारखी, गडद तांबडी-किरमिजी, वर पिवळे ठिपके. वास कुजकट, कारण गिऱ्हाईक माश्या आहेत, मधमाश्या नाहीत. हे रुईच्या कुळातलं. आपलं माकडशिंग याच्या जवळचं, पण माकडशिंगासारख्या नातेवाइकांनी पानं जवळजवळ टाकून दिलीत, नुसतं खोड ठेवलंय. हे एकच असं, ज्याने पानंही ठेवली आणि मांसल खोडही. म्हणून जगभरच्या अभ्यासकांना त्याचं एवढं अप्रूप.

डॅलझेलने १८६४-६५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं आणि त्याच्यासाठी अख्खी नवी प्रजाती-गट, म्हणजे 'जीनस' उभारली. नाव दिलं फ्रेरिया, गव्हर्नरच्या सन्मानार्थ. वरच्या साहेबाचं नाव रोपाला देणं ही त्या काळची रीतच होती.

हिवाळ्यात नेमकं काय होतं?

थंडीत टिकणाऱ्या डोंगरी सक्युलंटचे दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि आपण दोघांना एकच औषध देतो.

पहिला प्रकार बर्फातला. आल्प्ससारख्या युरोपातल्या पर्वतांवरचं सेम्परव्हिवम, हिमालयातली ऱ्होडिओला. लडाखमध्ये हिला 'सोलो' म्हणतात. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की ही झाडं तयारीला लागतात. पेशीतलं पाणी कमी करतात, साखरेसारखे पदार्थ वाढवतात. त्यामुळे आतला रस सहजी गोठत नाही, आणि बर्फ झालाच तर तो पेशींच्या मधल्या जागेत होतो. पेशीच्या आत बर्फाचे खडे झाले की पडदे फाटतात आणि खेळ संपतो. ही तयारी झाली की सेम्परव्हिवमच्या कित्येक जाती उणे वीस अंशही सोसतात. त्यांना मारते ती ओल. थंडी आणि मुळाशी साचलेलं पाणी एकत्र आलं की सडतात. नाशिकमध्ये ऑनलाइन मागवलेलं सेम्परव्हिवम जगत नाही त्याला आपली थंडी जबाबदार नसते. एप्रिलचं ऊन आणि जुलैचा चिखल जबाबदार असतात. उलट डिसेंबर-जानेवारी हा त्याचा मजेचा काळ, ते खुशाल बाहेर उन्हात ठेवा.

दुसरा प्रकार शिंदळ माकडीचा. तिला गोठण्याशी लढायची विद्या येतच नाही, कारण तिच्या गावी ती वेळ येत नाही. सह्याद्रीचा हिवाळा तिच्यासाठी थंड असण्याआधी कोरडा असतो. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, कातळाच्या फटीत चिमूटभर माती, वर वारा. पानांतून पाणी उडतं, म्हणून पानंच टाकून द्यायची. हिरवं खोड मागे उरतं, तेच थोडंफार अन्न बनवतं आणि पाणी साठवून बसतं. जूनमध्ये पाऊस आला की पुन्हा पानं. म्हणजे ती पानगळ हा आजार नाही, तो तिचा दरवर्षीचा ठरलेला बंद आहे.

मग महाबळेश्वरला हिमकण पडतात त्याचं काय? तिथेही ही वनस्पती आहेच की! इथे जागा महत्त्वाची. बातमीत बघा, हिमकण कुठे दिसतात: वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात. निरभ्र रात्री जमीन गार होते, तिच्यावरची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. उभ्या कड्यावर ती थांबतच नाही. शिवाय काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री हळूहळू ऊब सोडतो. शिंदळ माकडी नेमकी अशा कड्याला चिकटून राहते.

आपल्याकडचं निफाड हे याचं उलटं टोक. खुलं, सपाट, गोदाकाठचं. तिथला पारा काही वर्षी पाचाच्याही खाली जातो आणि मग द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. शिंदळ माकडीची कुंडी अशा रात्री उघड्या अंगणात असेल तर रसाने भरलेली खोडं काळी, लिबलिबीत पडू शकतात.

म्हणून हिवाळ्यातली काळजी अशी. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत जायचं. पानं गळाली की जवळजवळ बंद. खोड फारच सुरकुतलं तर तीन-चार आठवड्यांतून एकदा, दुपारच्या उन्हात, दोन घोट. संध्याकाळी कधीच नाही. खत नाही, कुंडी बदलणं नाही, फांदी छाटून लावणं नाही, ती कामं उन्हाळ्याच्या शेवटी. कुंडी छपराखाली हवी, कारण डिसेंबरातला अवकाळी तिला थंडीपेक्षा जास्त घातक. दुपारचं ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवली तर भिंत कातळाचं काम करते. थंडीची लाट आली, पारा आठ-दहाच्या खाली जाणार अशी बातमी असेल तर ते चार दिवस घरात खिडकीशी आणा. युरोपातले हौशी लोक तिला हिवाळाभर काचेच्या घरात, साधारण दहा अंशांच्या वर आणि कोरडी ठेवतात, ते याच हिशेबाने. मातीत मुरूम किंवा विटेचा चुरा निम्म्याच्या आसपास असू द्या. नुसती काळी माती म्हणजे थडगं.

खोड दाबून बघा. टणक आणि हिरवं असेल तर रोप झोपलंय. मऊ आणि तपकिरी असेल तर सडतंय. वरचा टणक भाग कापून, आठवडाभर सावलीत सुकवून, कोरड्या जाड वाळूत लावायचा. थंडीत तो रुजेलच असं नाही, पण तेवढाच एक डाव शिल्लक असतो.

शरणपूर ते फ्रियर टाउन

साहेबाची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तिचा सगळ्यात वेगळा धागा नाशिकचाच आहे.

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत. शरणपूर ही मुळात १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं. त्यातून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईत उतरवून कुठे ठेवायचं हा प्रश्न असायचा. त्यातली बरीच मुलं नाशिकला शरणपूरला आली, शाळेत गेली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. इतिहासात ती 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात.

१८६५ मध्ये प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत फ्रियरचा पाहुणा होता. शेवटच्या आफ्रिका मोहिमेसाठी त्याने नाशिकच्या शाळेतले नऊ जण सोबत घेतले. नंतर त्याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत खोलवर वारला, सोबत्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणला, आणि वेनराइट तो घेऊन थेट लंडनला गेला.

त्याच १८७३ मध्ये फ्रियर, आता गव्हर्नर नसलेला, झांझिबारला गेला होता. तिथला गुलामांचा बाजार बंद करा म्हणून सुलतान बरगशशी बोलणी करायला. त्या वर्षी जूनमध्ये करार झाला. मग सुटलेल्या लोकांसाठी १८७४-७५ मध्ये मोम्बासाजवळ एक वस्ती उभी राहिली. ती उभारायला गेला शरणपूर चालवलेला पाद्री विल्यम प्राइस, आणि त्याच्या मदतीला होते नाशिकमध्ये वाढलेले आफ्रिकन. वस्तीचं नाव फ्रियर टाउन. केनियात ते आजही नकाशावर आहे.

इथे थांबला असता तर फ्रियर चांगला म्हणून लक्षात राहिला असता. पण १८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर होऊन गेला. झुलू राज्य मोडल्याशिवाय तिकडची वसाहत सुरक्षित नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने झुलू राजा सेटश्वायोला पाळता येणार नाहीत अशा अटींचा निर्वाणीचा खलिता धाडला, तोही लंडनची परवानगी न घेता. जानेवारीत युद्ध. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला झुलूंनी ब्रिटिश तळ कापून काढला, इंग्रजांच्या बाजूचे हजाराहून जास्त लोक मेले. शेवटी झुलू हरले, त्यांचं राज्य मोडलं. १८८० मध्ये फ्रियरला परत बोलावलं. साताऱ्यात दत्तकाची बाजू घेणारा माणूस तीस वर्षांनी दुसऱ्याचं राज्य बुडवून घरी गेला. २९ मे १८८४ ला तो वारला. लंडनमध्ये थेम्सच्या काठी त्याचा पुतळा आहे.

नावाचं पुढे काय झालं

मुंबईतला फ्रियर रोड पी. डिमेलो रोड झाला. रोपाच्या नावालाही चैन पडली नाही. १९५८ मध्ये एका अभ्यासकाने ठरवलं की फ्रेरिया हा वेगळा गट नकोच, हे रोप कॅरालुमात घाला. पण कॅरालुमात 'इंडिका' नाव आधीच दुसऱ्या रोपाने घेतलेलं. म्हणून नवं नाव झालं कॅरालुमा फ्रेराय. आडनावाच्या जागेवरून साहेब खाली उतरून नावाच्या जागेवर आला. मग ते बुसेरोसिया फ्रेराय झालं आणि अलीकडे काही शास्त्रज्ञ त्याला सेरोपेजिया फ्रेराय म्हणतात. सेरोपेजिया म्हणजे आपली खर्चुडी, कंदीलपुष्प. हे मान्य केलं तर शिंदळ माकडी आणि २००६ मध्ये जगापुढे आलेली नाशिकची सेरोपेजिया अंजनेरिका एकाच गटातल्या ठरतात. अंजनेरीवाली हिवाळ्यात वरचं सगळं सोडून जमिनीखाली कंदात जाते, ही कड्यावर काड्या होऊन बसते.

रोपाची अवस्था मात्र नावापेक्षा नाजूक राहिली. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पतींमध्ये तिला धरलं होतं. शिवनेरी-जुन्नर, पुरंदरजवळचा वज्रगड, रंधा धबधबा, महाबळेश्वर, सज्जनगड, अशा मोजक्या जागा. दरडी, वणवे, चराई आणि उपटून नेणारे हात, हे तिचे शत्रू. त्यातला शेवटचा अगदीच बिनकामाचा, कारण फांदीपासून ती सहज होते. कड्यावरून आणण्याची गरजच नाही, रोपवाटिकेतलं किंवा ओळखीच्यांकडचं एक पेर पुरतं.

कुंडीवरच्या पाटीत फ्रेरिया, कॅरालुमा, बुसेरोसिया यातलं काहीही लिहिलेलं असलं तरी रोप तेच. डिसेंबरात घेतलंत तर पानं नसतील. भाव करा, घरी आणा, आणि जूनपर्यंत पाण्याचा मग जरा लांब ठेवा.